बागेतल्या सुलट्या फेऱ्या

परळच्या त्या बागेत शिरलं की समोरच जमिनीवर एक पांढरा बाण रंगवलेला आहे. उजवीकडे वळा, असं सांगणारा. तो नसता तरी सगळे उजवीकडेच वळले असते. मैदान डाव्या हाताला ठेवून फिरायचं, हे आपल्या पायांना शाळेतल्या शर्यतींपासून ठाऊक असतं. मी गेली कित्येक वर्षं सकाळी पळते. वडाळ्याला माझ्या घराजवळची पाच उद्यानं असोत, शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाहेरचा फुटपाथ असो, की ही परळची बाग, वाट गोल असली की माणसं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. का, ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

या सगळ्या वाटा माझ्या तळपायांना पाठ आहेत. कुठे झाडाच्या मुळांनी पेव्हर ब्लॉक उचललेत, कुठे माळी सकाळी पाइप सोडून चहाला जातो आणि वाट निसरडी होते, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच मागे लागतो, हे मी डोळे मिटून सांगेन. पळताना मला कोणी बोललेलं खपत नाही. दिवसभर शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचं म्हणजे सतत बोलायचं आणि सतत ऐकायचं. सकाळचा तो तास माझा एकटीचा, त्यात नवराही नको. 'पळताना हिला हाक मारू नका, चावेल,' असं तो पाहुण्यांना सांगतो.

तर अशा माझ्या सकाळी चालू असताना बाबांना हार्ट अटॅक आला आणि माझं पळणं बंद झालं.

बायपास झाली, चांगली झाली. बाबा लालबागच्या घरी परत आले. घर म्हणजे आता सतराव्या मजल्यावरचं. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात मिळालेलं. चाळीत असते तर त्यांना घरात बसणं जमलंच नसतं, गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांना उठवून बाहेर बसवलं असतं. इथे दारं बंद. बाबा पलंगाच्या कडेवर बसायचे, एक हात छातीवर ठेवून. उकळत्या भांड्यावरचं झाकण धरून ठेवावं तसा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. बाबा फोर्टमधल्या एका ऑफिसात लिफ्टमन होते. अख्खं आयुष्य उभ्याने वर-खाली केलेला, येणाऱ्या प्रत्येकाला 'काय साहेब, आज लवकर?' विचारणारा माणूस. तो आता बाथरूमपर्यंत जायलाही आईचा हात मागायला लागला होता.

"ऑपरेशन माझं काम होतं, ते झालं," डॉक्टर म्हणाले. "आता चालणं हे तुमचं काम. रोज चाललात तर हे हृदय तुम्हाला पुष्कळ साथ देईल. बसून राहिलात तर नाही देणार."

बाबांनी मान डोलवली आणि घरी येऊन परत पलंगावर बसले.

आईने मला फोन केला. "तुझाच ऐकतत ते. माझा नाय ऐकूचे. तू ये."

आई एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलते. पण घाबरली किंवा चिडली की ती थेट मालवणीत शिरते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लालबागला हजर झाले. मी एकुलती एक, दुसरं कोण जाणार?

पहिल्या दिवशी आम्ही तिघं बागेच्या फाटकातून आत आलो. बाबांनी माझा दंड दोन्ही हातांनी धरला होता. आईच्या साडीखाली नवे कोरे कॅनव्हासचे बूट, त्यांची तिला लाज वाटत होती. मी बाबांना घेऊन बाणाच्या दिशेने उजवीकडे वळले, तशी आईने मागून माझी ओढणी धरली.

"ह्या बाजूने नको."

"का? बाण आहे तिकडे."

"बाण बघितलंय मी. उलटे फेरे होतत ते. उलटे फेरे कधी घालतत, तुका म्हायत नाय?"

माहीत कसं नसेल. देवाला प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवायचा. डाव्या हाताला ठेवून फिरतात ते एकाच ठिकाणी, चितेभोवती. पण ही बाग होती. मध्ये गवत होतं, एक घसरगुंडी होती आणि लाफ्टर क्लबवाले हात वर करून हसत होते.

"आई, मध्ये घसरगुंडी आहे."

"मधी काय आसा तां नको सांगू. फिरणारो माणूस दुखण्यातसून उठलेलो आसा."

मला खरंच राग आला. आठवड्याला अंधश्रद्धेवर एक तास घेणारी मी, आणि माझीच आई. मी बाबांकडे बघितलं. वाटलं, ते तरी तिला समजावतील. ते म्हणाले, "चल, ती म्हणते तसं." आणि डावीकडे वळले. बाबा आयुष्यात आईपुढे कधी फार बोललेले नाहीत, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मग आमची उलटी वरात सुरू झाली. म्हणजे आईच्या मते सुलटी. समोरून माणसांचा लोंढाच्या लोंढा येत होता आणि आम्ही तिघं त्यात कड धरून घुसत होतो. कोणी बाजूला व्हायचं, कोणी 'अहो, बाण बघा' म्हणायचं. मी प्रत्येकाला 'सॉरी, सॉरी' म्हणत चालले होते. अर्धी फेरी झाली आणि बाबा बाकावर बसले. त्यांना धाप लागली होती, मला लाज वाटत होती. आई तेवढी समाधानी दिसत होती.

पण दोन-तीन आठवड्यांत एक गंमत माझ्या लक्षात आली. लोंढ्याबरोबर चाललं की दिसतात फक्त पाठी. मी इतकी वर्षं या बागेत पळले, पण एकाही माणसाचा चेहरा मला ओळखता आला नसता. उलट दिशेने चाललं की प्रत्येक माणूस एका फेरीत दोनदा समोरून येतो. रोज. त्याने कितीही ठरवलं तरी तो किती दिवस तुमच्याकडे न बघता जाईल? बाबांना हे माझ्याआधी कळलं होतं. लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाकडे बघायची सवयच ती.

"ती फोनवाली आज हसतेय," ते एकदा म्हणाले. एक बाई रोज फोनवर नणंदेशी भांडत चालायची, तिच्याबद्दल. "मिटलं वाटतं त्यांचं."

अटॅकनंतर बाबा स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी इतकी हसले की आईने दटावलं.

बाण पाळण्याच्या बाबतीत सगळ्यात कडक होते ते पांढऱ्या बुटांचे एक काका. ज्येष्ठ नागरिकांचा त्यांचा कंपू होता आणि बागेची शिस्त ही आपलीच जबाबदारी असं त्यांचं मत होतं. एके दिवशी त्यांनी आम्हाला अडवलंच.

"मॅडम, तुम्ही सुशिक्षित दिसता. आईंना जरा समजवा."

"तुम्हीच समजवा ना," मी म्हटलं. मला बघायचंच होतं.

काकांनी वाहतुकीचे नियम, अपघात, इतरांची गैरसोय असं बरंच समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे बायपास होऊन उठलेत. ह्यांना उलट्या फेऱ्या घालायला लावू का, एवढं तुमच्या बायकोला विचारून या."

दुसऱ्या दिवशी काका समोरून आले. आमच्यासमोर आल्यावर वाट सोडून गवतात उतरले आणि आम्ही गेल्यावर परत वाटेवर आले. पुढे रोज तसंच. घरी काय बोलणं झालं असेल ते झालं असेल.

हळूहळू बाबा पूर्ण फेरी चालायला लागले. मग दोन. छातीवरचा हात खाली आला. माझ्या दंडावरची पकड दोन हातांची एका हाताची झाली, मग नुसती बोटं टेकलेली. समोरून येणारे 'काय काका, आज लवकर?' विचारायला लागले आणि बाबांचा चेहरा फुलायला लागला. फाटकाबाहेर कारल्याचा नि दुधीचा रस विकणारा त्यांना बघून ग्लास विसळायला घ्यायचा. मला माझं पळणं आठवायचं, पायही शिवशिवायचे, पण रोज सकाळी वडाळ्याहून निघताना मला घाई व्हायची ती बाबांना बघायची.

एका सकाळी आंब्याच्या झाडाजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "सोड. बघू."

मी हात काढला. ते एकटे पुढे झाले. आई आणि मी मागे थांबलो. आईने तोंडाला पदर लावला होता. बाबा सावकाश, पाय जरा फाकवून, पण एकटे चालत होते.

आता त्या बागेत एक गृहस्थ गुडघ्यांसाठी पाठमोरे चालत असत. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, उलटी पावलं टाकली की गुडघे सुधारतात. दिशा बाणाचीच, फक्त तोंड मागे. अधूनमधून खांद्यावरून बघून घ्यायचे. सगळे त्यांच्याच दिशेने जात असल्यामुळे त्यांना कधी कोणी धडकलं नव्हतं. समोरून कोणी येईल, ही कल्पनाच त्यांना करायचं कारण नव्हतं. वळणावर ते बाबांवर आदळले. बाबांना ते दिसले होते, पण चटकन बाजूला होणं त्यांना अजून जमत नव्हतं.

बाबा खाली बसले. पडले नाहीत, बसलेच. तळहात खरचटला, बाकी काही नाही. आमच्याभोवती सगळी बाग जमली. वॉचमनने आपली खुर्ची आणली, फोनवालीने पाणी दिलं. पाठमोऱ्या गृहस्थांना तर रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. पण बाबांचा हात पुन्हा छातीवर गेला होता आणि ते कोणाकडेच बघत नव्हते.

त्यानंतर बाबा घराबाहेर पडले नाहीत. 'उद्या बघू' म्हणायचे. उद्या आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आठवडाभरात पावलांना सूज आली, बाथरूमपर्यंत जाताना पुन्हा धाप लागायला लागली. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "काहीही करा, पण त्यांना बसू देऊ नका. मिळवलेलं सगळं जाईल." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. आई लसूण सोलत बसली होती.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "बाणाप्रमाणे चाललो असतो तर हे झालंच नसतं. तुझ्या त्या फेऱ्यांपायी माणूस जाईल आपला. आणि तू कधी बघितल्यास गं त्या फेऱ्या? बायका स्मशानात जातात तरी का?"

आईने सोललेली पाकळी वाटीत टाकली. "मी गेलंय," ती म्हणाली.

माझी आजी, आईची आई, गावी वारली तेव्हा मी लहान होते. मला शेजारणीकडे ठेवून आई-बाबा रातोरात कोकणात गेले होते, एवढंच मला माहीत होतं. आजीला मुलगा नव्हता हेही माहीत होतं. पण मग मडकं कोणी धरलं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पुरुषांचा प्रश्न असतो, कोणी ना कोणी पुतण्या असतोच.

"होते की पुतणे," आई म्हणाली. "पण मी म्हटलं, तिचं दुखणं मी काढलंय, मडकं पण मीच धरणार." खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन ती चितेपाशी उभी राहिली. निघा, म्हटल्यावर निघाली, ती देवळात निघते तशी, डावीकडे. कारण बाईमाणसाला ते कोणी शिकवलेलंच नव्हतं. भटजींनी तिचा दंड धरून तिला उजवीकडे वळवलं. तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला मागून कोणीतरी दगडाने मडक्याला भोक पाडायचं, पाणी गळायचं. "पाणी कमी झाला की मडक्या हलका होऊक व्हया ना? माका जड होत गेला."

"गाव काय काय बोलत होतं," आतून बाबांचा आवाज आला. ते जागे होते. "मी म्हटलं, ती धरणार म्हणजे तीच धरणार. कोणाला यायचं नसेल तर नका येऊ."

मी दारात जाऊन बघितलं. बाबा अजून भिंतीकडेच तोंड करून होते. म्हणजे फाटकातून मुकाट्याने डावीकडे वळणाऱ्या त्या माणसाला सगळं माहीत होतं.

आई माझ्याकडे न बघता बोलत होती. "त्या दिवशी बागेत तू त्यांका हाताक धरून तिकडे वळवलंस ना, माका माझ्या आवशीची चिताच दिसली. आमच्याकडे मडक्या चेडवांनीच, लेकींनीच धरूचा आसा. माझ्या आवशीचा मी धरलंय. ह्यांचा तुका धरूचा लागतला. तेव्हा फिर उलटी, कोण नाय म्हणूचो नाय. पण तवसर माझ्या डोळ्यांसमोर बापाशीक तसा फिरवू नको गो."

मी एकुलती एक आहे हे मला जन्मापासून माहीत आहे. लहानपणी त्यामुळे सगळे लाड मला मिळाले, मोठेपणी सगळे फोन मला येतात. पण याचा अर्थ हाही आहे, हे तोवर कधी मनात आलं नव्हतं. मी आईच्या शेजारी खाली बसले आणि लसूण सोलायला लागले. मला रडू येत होतं आणि लसणाला त्याचं श्रेय देण्यासारखं काही नव्हतं.

मग आत पलंग करकरला. बाबा उठून बसले होते.

"माझे बूट कुठायत?"

"आता?" आई म्हणाली. "संध्याकाळ झाली."

"बाग काय सकाळीच असते?"

आम्ही गेलो. फाटकाशी बाबा थांबले. बाण बघितला. त्यांचा हात छातीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. भीती कुठे गेली नव्हती. मी दंड पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला आणि आईचा हात धरला. आधाराला नव्हे, तिला नेतोय असा. मग ते डावीकडे वळले. संध्याकाळी मुलांची गर्दी होती, आमचे सकाळचेही काही जण होते. फोनवाली समोरून येत होती. बाबांना बघून ती फोनमध्ये म्हणाली, "थांब, ठेव, काका आले आमचे." आणि तिने खरंच फोन ठेवला. पाठमोरे गृहस्थ लांब होते, पण बहुतेक कोणीतरी त्यांना ओरडून सांगितलं, कारण ते वळून नीट सरळ चालत आले, बाबांना हात जोडले आणि कडेला उभे राहिले. बाबांनी एक फेरी पूर्ण केली. आईचा हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

ते आता रोज जातात, दोघंच. गेल्या तपासणीला डॉक्टर बाबांशी हृदयाबद्दल कमी आणि क्रिकेटबद्दल जास्त बोलले, यावरून काय ते समजावं. मला सकाळी यायची गरज उरलेली नाही. मी पुन्हा पळायला लागले आहे. रविवारी वडाळ्याहून निघते, पाच उद्यानांवरून, दादर टीटीवरून परळला येते आणि शेवटच्या फेऱ्या या बागेत मारते.

पहिल्या रविवारी फाटकातून आत आले तेव्हा माझे पाय सवयीने उजवीकडे वळले. चार पावलं गेले असेन, आणि पुढे जाववेना. वर्गात मी मुलांना छातीठोक सांगते की दिशेने कोणाचं बरं-वाईट होत नाही. ते खरंच आहे, उद्याही सांगेन. पण मी तिथेच गर्रकन वळले आणि डावीकडून पळायला लागले. समोरून पांढऱ्या बुटांचे काका येत होते. "आता तुम्हीसुद्धा?" म्हणाले आणि गवतात उतरले.

वळणापलीकडे आई-बाबा दिसले, पाठमोरे, आपल्याच गतीने चाललेले. मी त्यांना मागे टाकून पुढे गेले तशी आई ओरडली, "सावकाश गो!" बाबा म्हणाले, "पळू दे तिला." मी पळत राहिले, कारण थांबले असते तर बाबांच्या गळ्यात पडून रडले असते, आणि बागेत सगळे ओळखीचे होते. त्या तीन उलट्या फेऱ्या माझ्या वाट्याच्या आहेत, मला त्या कोणाला द्यायच्याही नाहीत. पण त्याआधी या सुलट्या जितक्या होतील तितक्या मला हव्या आहेत.